फ्रेटवरची झणझण : विजेच्या गिटारच्या इतिहासातील एक जुनी तडजोड

गिटारच्या मानेवर, म्हणजे नेकवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे जे काम करतात तेच काम या पट्ट्या करतात. मात्र सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकवता येण्याजोगे असतात, तर आजच्या गिटारचे फ्रेट लाकडात कायमचे ठोकलेले असतात. वादकाने एखाद्या फ्रेटच्या किंचित मागे तार दाबली की तिथपासून ब्रिजपर्यंतचा, म्हणजे घोडीपर्यंतचा, तारेचा भाग कंप पावू लागतो, आणि या कंपनाचा विस्तार वाटेतल्या एखाद्या फ्रेटच्या माथ्याला लागला की मूळ स्वरावर एक कोरडी, धातूची झणझण चढते. वादक तिला ‘फ्रेट बझ’ म्हणतात. गिटारच्या दुरुस्तीवरील पुस्तकांत हा एक दोष म्हणून येतो आणि तो घालवण्याचे उपायही तिथे दिलेले असतात. परंतु विजेवरच्या गिटार आणि बास या वाद्यांचा गेल्या नव्वद-शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की ही झणझण पूर्णपणे कधीच गेली नाही, आणि प्रत्येक पिढीने ती कुठवर चालवून घ्यायची याची मर्यादा नव्याने ठरवली. ही मर्यादा ठरवण्यात सुतारकामाइतकाच किंबहुना त्याहून अधिक वाटा होता तो वाद्याचा आवाज कोणत्या यंत्रातून ऐकला जातो या गोष्टीचा.

मूळ अडचण सोपी आहे. तार आणि फ्रेट यांच्यातील उंचीला वादकांच्या भाषेत ॲक्शन म्हणतात. ती कमी असेल तर तार दाबायला जोर लागत नाही, बोटे भराभर फिरतात, आणि तार दाबताना ताणली जाऊन स्वर चढण्याचा धोकाही कमी होतो. पण तितकीच कंप पावणाऱ्या तारेला मोकळी जागा अपुरी पडते. हा पेच विजेच्या वाद्यांच्या कितीतरी आधीचा आहे. युरोपातील ल्यूट या वाद्याचे पडदे आतड्याच्या दोरीचे, मानेला बांधलेले असत, आणि 1610 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हरायटी ऑफ ल्यूट लेसन्स’ या ग्रंथात जॉन डाउलंड यांनी वरच्या टोकाकडील पडदे जाड दोरीचे आणि पुढचे क्रमाक्रमाने बारीक दोरीचे बांधावेत अशी व्यवस्था सांगितली आहे, कारण सगळे पडदे एकाच जाडीचे ठेवले तर दाबलेली तार पुढच्या पडद्याला घासते. त्याच युरोपात मध्ययुगाच्या अखेरच्या आणि प्रबोधनकाळातल्या हार्पांना मात्र तारांना मुद्दाम हलका स्पर्श करणाऱ्या वाकड्या खुंट्या बसवलेल्या असत, ज्यांमुळे प्रत्येक स्वर झणझणत निघे. म्हणजे एकाच संगीतसंस्कृतीत एका वाद्याला जो दोष, तोच दुसऱ्या वाद्याचा स्वभाव, अशी स्थिती चारशे-पाचशे वर्षांपूर्वीही होती.

गिटारच्या बाबतीत हा पेच तीव्र केला तो पोलादी तारांनी. आतड्याच्या तारांपेक्षा पोलादी तारांचा ताण पुष्कळ अधिक असल्याने लाकडाची मान कालांतराने पुढे झुकते, तारा वर उचलल्या जातात आणि वाजवणे कष्टाचे होते. उलट हवेतील आर्द्रता बदलून मान मागे गेली तर तारा फ्रेटवर टेकू लागतात. यावर गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी मानेच्या आत घालायच्या पोलादी सळईची योजना केली, जिचे पेटंट 1923 मध्ये मिळाले. ट्रस रॉड या नावाने ओळखली जाणारी ही सळई टोकाच्या नटाने आवळता किंवा सैल करता येते आणि तारांच्या ताणाला उलटा ताण देऊन मानेचा बाक नियंत्रणात ठेवते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती अशी की मान अगदी सरळ असणे हा आदर्श नव्हे. तार मध्यभागी सर्वाधिक फुगते, त्यामुळे मानेलाही मध्यभागी अत्यंत सूक्ष्म खोलगट बाक लागतो, ज्याला रिलीफ म्हणतात. आजच्या विजेच्या गिटारवर तो साधारण पाव मिलिमीटर ठेवला जातो, म्हणजे दोन-तीन कागदांच्या जाडीइतका. एवढ्याशा मापावर वाद्य झणझणेल की स्वच्छ वाजेल हे बरेचसे अवलंबून असते, आणि तरीही मार्टिनसारख्या प्रतिष्ठित अमेरिकी कंपनीने आपल्या गिटारांत फिरवता येणारी सळई घालायला 1985 हे वर्ष उजाडू दिले.

व्यापारी यश मिळवणाऱ्या पहिल्या विजेच्या गिटारला मात्र हा प्रश्न पडलाच नव्हता, हा इतिहासातला एक गमतीदार योगायोग म्हणता येईल. जॉर्ज बोशांप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिसमध्ये तयार केलेली, आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ हे टोपणनाव मिळालेली ॲल्युमिनियमची गिटार हवाईयन पद्धतीने मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. तिच्या तारा उंच होत्या, त्यांवरून पोलादी कांडी फिरवली जाई आणि फ्रेट हे केवळ जागा दाखवणाऱ्या खुणा होत्या. तारेचा फ्रेटला स्पर्शच होत नसल्याने झणझणीचा संभवच नव्हता. उभी धरून बोटांनी दाबायची गिटार विजेवर आली, विशेषतः 1936 मध्ये गिब्सनचे ‘ईएस-150’ हे मॉडेल बाजारात आले आणि चार्ली ख्रिश्चन यांच्या हाती ते गाजले, तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला, पण बदललेल्या रूपात.

तो बदल समजून घेण्यासाठी त्या काळातील दोन प्रकारचे वादक शेजारी ठेवून पाहावेत. काउंट बेसी यांच्या जाझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन हे विजेविना गिटार वाजवीत; ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम यांच्या गदारोळात लाकडी पेटीचा आवाज पोचवायचा तर तारेवर जोराचा आघात हवा, आणि आघात जोराचा तर तार उंच हवी, म्हणून त्यांच्या गिटारच्या तारा इतरांना दाबायला अवघड वाटाव्यात इतक्या उंच असत. विजेच्या गिटारवादकाला या आघाताची गरज उरली नाही. तारेखाली बसवलेला पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, पोलादी तारेच्या हालचालीचे विद्युतप्रवाहात रूपांतर करतो आणि आवाज मोठा करण्याचे काम ॲम्प्लिफायर करतो. त्यामुळे तार हळू छेडली तरी चालते, कंपनाचा विस्तार लहान राहतो, आणि तारा फ्रेटच्या जवळ आणता येतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पिकअप हवेतील आवाज ऐकत नाही. फ्रेटवर तार आपटल्याचा जो आवाज खोलीत बसलेल्या माणसाच्या कानावर थेट पडतो, त्याचा बराच भाग पिकअपपर्यंत जातच नाही; तारेच्या हालचालीत त्या आघाताने जो फरक पडतो तेवढाच पुढे जातो. यातून वादकांमध्ये आणि दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये एक व्यावहारिक कसोटी रूढ झाली : झणझण ॲम्पमधून ऐकू येत असेल तरच तो दोष, एरवी ती सोडून द्यावी. विजेच्या वाद्यांनी या दोषाचे निवारण केले असे म्हणण्यापेक्षा त्याला श्रोत्यांच्या कानाआड ठेवण्याची सोय केली, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

कॅलिफोर्नियातील गिटारनिर्माते लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसत. रेडिओ-दुरुस्तीच्या धंद्यातून आलेल्या या गृहस्थांचा कल प्रत्येक भाग सुटा करता येईल, बदलता येईल आणि स्क्रूने फिरवता येईल अशा रचनेकडे होता. त्यांच्या 1950 मधील ‘एस्क्वायर’ या गिटारच्या पहिल्या नगांत ट्रस रॉड नव्हता, कारण कठीण मेपल लाकडाची मान वाकणार नाही असा विश्वास होता. तो टिकला नाही आणि लवकरच सळई आली. तिचा नट मात्र मानेच्या बुडाशी ठेवल्याने तो फिरवण्यासाठी मान सैल करून उचलावी लागे, ही गैरसोय पुढे अनेक वर्षे वादकांनी मुकाट्याने सोसली. मानेचा कोन चुकला तर कारखान्यातही आणि बाहेरच्या दुरुस्तीच्या बाकावरही मानेच्या खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला जाई. हेच काम स्क्रूने करणारी ‘मायक्रो-टिल्ट’ ही व्यवस्था फेंडर कंपनीने 1970 च्या दशकाच्या आरंभी आणली. दरम्यान 1954 च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’वर सहा तारांसाठी सहा स्वतंत्र सॅडल, म्हणजे घोडीवरच्या उंची बदलता येणाऱ्या बैठका, आल्या होत्या, आणि त्याच सुमारास गिब्सननेही ‘ट्यून-ओ-मॅटिक’ ही फिरवता येणारी घोडी बाजारात आणली. तारेची उंची कारागिराने एकदा ठरवून द्यायची आणि वादकाने ती निमूट स्वीकारायची, हा क्रम येथे मोडला. पेचकस हाती आलेला वादक स्वतःच आपली मर्यादा ठरवू लागला, आणि अर्थातच आपल्या वाद्यातली झणझण स्वतःच निर्माणही करू लागला.

फेंडरच्या जुन्या मानांची पट्टी, म्हणजे फ्रेट जिच्यात ठोकलेले असतात तो मानेचा पृष्ठभाग, सव्वासात इंच त्रिज्येच्या गोलाईची, म्हणजे बरीच उंचवट्याची असे. तारा एकत्र दाबून स्वरसमूह वाजवायला ही गोलाई हाताला सुखाची असते. परंतु ब्लूज आणि रॉकच्या वादकांनी जेव्हा तार बाजूला ओढून स्वर चढवण्याची, सतारीच्या मींडेशी नाते सांगणारी, पद्धत सर्रास वापरायला सुरुवात केली, तेव्हा ओढलेली तार उंचवट्यावरून जाताना पुढच्या फ्रेटला टेकून स्वर घुसमटू लागला. ओढणे सुकर व्हावे म्हणून वादक आधी बँजोची बारीक तार लावीत, आणि 1962 च्या सुमारास अर्नी बॉल यांनी ‘स्लिंकी’ या नावाने बारीक तारांचे तयार संच विकायला काढले. बारीक तार कमी ताणाची असते आणि कमी ताणाची तार अधिक फुगते, त्यामुळे ओढण्याची सोय झाली तशी झणझणीचीही सोय झाली. स्ट्रॅटोकास्टरच्या बाबतीत आणखी एक कारण भर घालते : पिकअपचे चुंबक तारांच्या फार जवळ वर आणले तर ते जाड तारांना खाली खेचतात, आणि फ्रेट निर्दोष असूनही वरच्या भागात स्वर डळमळतात.

या सगळ्या कथेचा सर्वांत रंजक भाग गिटारपेक्षा बासच्या वाट्याला आला आहे. बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 कंपने करते, म्हणजे गिटारच्या खालच्या तारेच्या निम्मी. तिची लांबी सुमारे 864 मिलिमीटर आणि फुगारा डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतका असतो. फेंडर यांनी 1951 मध्ये आणलेल्या विजेच्या बासला ‘प्रिसिजन’ हे नाव मिळाले ते फ्रेटमुळे स्वर अचूक लागतो म्हणून; उभ्या डबल बासवर फ्रेट नसतात आणि अचूकता सर्वस्वी कानावर व बोटावर अवलंबून असते. परंतु फ्रेट आले तशी त्यांच्यावर आपटणारी जाड तारही आली. आरंभीच्या काळात हे कुणाला फारसे जाणवले नाही. पट्टीसारख्या चपट्या तारेचे वेढे दिलेल्या ‘फ्लॅटवाउंड’ तारा, घोडीच्या झाकणाखाली तारांना दाबून ठेवणारा फोमचा तुकडा, आणि 1952 च्या ‘बासमन’ ॲम्पमधला पंधरा इंचांचा एकच स्पीकर यांतून तीक्ष्ण आवाज बाहेर पडतच नसे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांवर बास वाजवणारे जेम्स जेमरसन यांचे 1962 चे प्रिसिजन बास या रचनेचे टोक होते : जाड फ्लॅटवाउंड तारा, ज्या ते शक्यतो बदलतच नसत, तारांची उंची भरपूर, फोम जागच्या जागी, आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. त्या वाद्यात झणझणीला शिरायला कुठे फटच नव्हती.

इंग्लंडमध्ये ती फट मुद्दाम पाडली गेली. ‘द हू’ या वाद्यवृंदाचे जॉन एन्टविसल यांना बासमधून पियानोच्या खालच्या तारांसारखा लखलखीत आवाज हवा होता, आणि 1966 मध्ये त्यांनी रोटोसाउंड कंपनीचे जेम्स हाउ यांच्याबरोबर काम करून गोल तारेचे वेढे दिलेल्या, ‘राउंडवाउंड’ प्रकारच्या पोलादी तारांचा संच घडवला. या तारांत उच्च स्वनक, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर, विपुल असतात, त्यामुळे फ्रेटवरचा प्रत्येक आघात आता ॲम्पमधून खणखणीत बाहेर पडू लागला. शिवाय फ्रेट ज्या मिश्रधातूचे असतात त्याहून या तारा कठीण असल्याने त्या फ्रेटवर कानसीप्रमाणे चालतात, नेहमीच्या जागी खाचा पडतात, खाच पडलेल्या फ्रेटच्या पुढचा न झिजलेला फ्रेट तुलनेने उंच ठरतो, आणि झणझण वाढते. म्हणजे ज्या तारेने हा आवाज ऐकू आणला तिनेच तो निर्माण करण्याचेही काम हाती घेतले. ‘येस’ या वाद्यवृंदाचे क्रिस स्क्वायर यांनी रिकनबॅकर बासवर याच तारा प्लेक्ट्रमने छेडून जो करकरीत आवाज काढला, त्यात फ्रेटचा वाटा किती आणि तारेचा किती हे वेगळे काढणे अशक्य आहे, आणि तसे करण्याची इच्छा त्यांच्या चाहत्यांपैकी कुणाला झाली असेल असेही वाटत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॅरी ग्रॅहम हे आपल्या आईबरोबर वाजवीत असताना त्यांच्याकडे ड्रमवादक उरला नाही, तेव्हा ड्रमची उणीव भरून काढण्यासाठी ते अंगठ्याने तार ठोकू आणि बोटाने उचलून सोडू लागले. अंगठ्याने ठोकलेली तार फ्रेटवर आदळते आणि उचलून सोडलेली तार तर फ्रेटवर अक्षरशः फटका मारते. ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’च्या 1969 च्या अखेरीस आलेल्या ‘थँक यू’ या ध्वनिमुद्रिकेपासून हा आवाज जगभर पोचला आणि ‘स्लॅप’ या नावाने रूढ झाला. या शैलीत उंच ॲक्शन अडचणीची ठरते, कारण तार फ्रेटपर्यंत पोचायला हवी. जो स्पर्श टाळण्यासाठी मॅकह्यूंची सळई आणि फेंडरची सॅडल घडवली गेली, तोच स्पर्श एका संपूर्ण वादनशैलीचा पाया झाला. उलट बाजूला ‘आयर्न मेडन’चे स्टीव्ह हॅरिस यांचे उदाहरण आहे, जे फ्लॅटवाउंड तारा वापरूनही बोटांच्या जोराने फ्रेटची खडखड काढतात, तेव्हा केवळ तारेच्या प्रकारावर सारे ढकलणे बरोबर होणार नाही.

फ्रेटच काढून टाकणे हा या पेचावरचा तिसरा मार्ग. ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये पुढे नाव मिळवलेले बिल वायमन यांनी 1961 मध्ये घेतलेल्या एका स्वस्त बासचे झिजलेले फ्रेट प्रत्येक स्वराला खडखडत होते, नवे बसवण्याच्या हेतूने त्यांनी ते उपटले आणि उघड्या लाकडावरचा आवाज आवडल्याने पुन्हा बसवलेच नाहीत. अँपेग कंपनीने 1966 मध्ये फ्रेटविरहित बास कारखान्यातून विकायला आणला. या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती जॅको पास्टोरियस यांच्या 1976 च्या पहिल्या संग्रहाने. त्यांनी आपल्या 1962 च्या ‘जाझ बास’ या मॉडेलच्या वाद्याचे फ्रेट काढून खाचा भरल्या आणि रोटोसाउंडच्या राउंडवाउंड तारांनी लाकूड खरवडले जाऊ नये म्हणून पट्टीवर नौकांना लावण्याच्या इपॉक्सीचे थर चढवले. या कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर तार सबंध लांबीभर हलकेच घासत राहते आणि त्यातून मागाहून फुलत जाणारा, गुरगुरता, मानवी कंठाच्या जवळ जाणारा स्वर निघतो. एका फ्रेटवर अडखळणारी तार कर्कश वाजते, पण तीच तार सलग पृष्ठभागाला सतत निसटता स्पर्श करीत राहिली तर स्वराला आयुष्य मिळते.

हे तत्त्व मराठी वाचकाला नवे नाही, कारण तंबोऱ्याची जवारी त्याच तत्त्वावर उभी आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि अत्यंत मंद उताराची असते, तिच्या पृष्ठभागावरून तार निसटत जाते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या सुताच्या धाग्याने तो स्पर्श नेमका जुळवला की आवाज उघडतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या घोडीची विशेषता दाखवून दिली : एखाद्या स्वनकाच्या स्थिरबिंदूवर तार छेडली तर सर्वमान्य नियमानुसार तो स्वनक ऐकू येऊ नये, पण तंबोऱ्यात तो ठळक ऐकू येतो, कारण घोडीच्या पृष्ठभागावरचा स्पर्श तारेत नवे स्वनक भरत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिरजेत फरीदसाहेब सितारमेकर यांच्या परंपरेतील कारागीर हीच घोडी कानसीने घासून, पुन्हा पुन्हा तार छेडून पाहत जवारी काढत आले आहेत, आणि तेथील सतार व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गिटारच्या फ्रेट घासणाऱ्या कारागिराचे आणि मिरजेच्या जवारी काढणाऱ्या कारागिराचे कसब एकाच जातीचे आहे. एक जण स्पर्श घालवण्यासाठी घासतो आणि दुसरा तो बसवण्यासाठी.

या दोन परंपरांची एकदा थेट गाठही पडली. ‘बीटल्स’च्या 1965 मधील ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार वाजल्यानंतर पाश्चात्त्य स्टुडिओंत त्या आवाजाची मागणी वाढली, पण सतार धरून बसण्याची आणि वाजवण्याची विद्या तिथल्या गिटारवादकांकडे नव्हती. न्यूयॉर्कचे स्टुडिओवादक विन्सेंट बेल यांच्या कल्पनेतून डॅनइलेक्ट्रो कंपनीने 1967 मध्ये ‘कोरल’ या छापाखाली विजेची सतार काढली, जी प्रत्यक्षात सहा तारांची गिटारच होती. तिला तरफांप्रमाणे 13 जादा तारा होत्या आणि तारा झणझणाव्यात म्हणून खास बनवलेली पसरट घोडी होती. ‘स्टीली डॅन’च्या 1972 मधील ‘डू इट अगेन’मधले वादन याच जातीच्या वाद्यावरचे आहे. जवारीची सूक्ष्मता या घोडीत आली नाही, तिचा आवाज एकसुरी आणि पातळ वाटतो, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की विजेच्या गिटारच्या कारखान्यातून झणझण हा गुण म्हणून जाहिरात करून विकला गेल्याचा हा एक दुर्मीळ प्रसंग होता.

पुढच्या काळात स्वर खाली उतरवण्याच्या हौसेने हा प्रश्न नव्याने जागा केला. बर्मिंगहॅमच्या पत्रा-कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेले टोनी आयोमी यांनी बोटांना सोसवावे म्हणून बारीक तारा वापरल्या, आणि ‘ब्लॅक सबाथ’च्या 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’वर गिटार दीड स्वर खाली उतरवली. सैल तार अधिक फुगते आणि सहज आपटते, पण त्यांच्या ॲम्पच्या विकृत, भरड आवाजात ते मिसळून गेले. त्यानंतर सात आणि आठ तारांच्या गिटार आल्या, स्वर आणखी खाली गेले, आणि भरड आवाजाचा पडदाही अपुरा पडू लागला. एकीकडे बर्लिनमध्ये गेर्ड आंके यांनी विकसित केलेले ‘प्लेक’ हे यंत्र तारा ताणलेल्या अवस्थेत प्रत्येक फ्रेटची उंची मोजून, संगणकावर आलेख काढून, फ्रेट घासू लागले आणि गिब्सनसारख्या कारखान्यांनी ते स्वीकारले. दुसरीकडे कॅलिफोर्नियातील राल्फ नोव्हाक यांनी 1989 मध्ये पंख्याप्रमाणे तिरपे पसरलेल्या फ्रेटांचे पेटंट घेतले, ज्यांत खालच्या स्वरांच्या तारा लांब आणि वरच्या स्वरांच्या आखूड राहतात, आणि त्यामुळे जाड तारेला खाली उतरवूनही पुरेसा ताण मिळतो. ही कल्पना मात्र अगदी नवी नव्हती; एलिझाबेथकालीन इंग्लंडमधील ऑर्फेरियन या धातूच्या तारांच्या वाद्यावरही असे तिरपे फ्रेट होते. आज आठ तारांच्या गिटारांवर आणि पाच तारांच्या बासवर तिरपे फ्रेट नेहमीचे झाले आहेत.